यामाहाच्या आर१५ व्ही३ या स्पोर्ट्स बाइकची सीट फार टोचते. बाजारातली तयार जेल सीट बसवावी का?

नाही. कंपनीचीच सीट ठेवा आणि तिच्यातला फोम बदलून घ्या.

पुण्याहून साताऱ्याला पोहोचेतोवर बूड बधिर होतं असं तुम्ही लिहिलंय आणि तीन जेल सीटांपैकी कुठली घेऊ असं विचारलंय. तिन्ही जाहिराती मी पाहिल्या. वरची शिलाई, जाळीचं कापड, मधली लाल पट्टी, सगळं दिसतं. सीट उलटी करून मात्र एकानंही दाखवलेली नाही. स्पोर्ट्स बाइकची सीट आधी खालून बघायची असते, म्हणून त्या तिघींत निवड करायला मी तयार नाही.

एवढं ठामपणे सांगतो, कारण कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं कुशनचं दुकान आहे. आण्णा आधी ट्रकच्या सीटा करायचे, मग बुलेट यायला लागल्या, आता निम्म्याहून जास्त काम पोरांच्या स्पोर्ट्स गाड्यांचं. माझे दाजी पुण्याला असतात, इंजिनियर आहेत, आणि त्यांच्याकडे तुमचीच गाडी आहे, व्ही३. एका गणपतीला ते घरी आले ते नवी जेल सीट खोक्यातून घेऊनच. जेवताना म्हणाले, "आण्णा, आता सगळं रेडीमेड मिळतंय. फोम कापत बसायचे दिवस गेले." आण्णा खाली मान घालून जेवत राहिले. मला ते वाक्य लागलं ते लागलंच.

दुसऱ्या दिवशी दाजींनी दुकानासमोरच सीट बसवायला घेतली. चालकाच्या सीटची पुढची जीभ टाकीमागच्या खाचेत सरकते आणि मागे बोल्ट लागतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पण जीभ आणि बोल्ट सीट फक्त जागेवर धरून ठेवतात. बसणाऱ्याचं वजन घेतात ती बेसच्या, म्हणजे सीटच्या खालच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याच्या, पोटाखालची रबरी बुशं, फ्रेमवर टेकणारी. या सीटची जीभ खाचेत गेली, पण ढिली. मागचं भोक बोटभर पुढंच राहिलं. दाजींनी वरून गुडघा दाबला, स्क्रूड्रायव्हर घालून भोक मागं ओढलं आणि बोल्ट आवळला. आण्णा म्हणाले, "पाव्हणं, भोक आपसूक जुळाय पायजे. ओढून आणलेली सीट हाय ती." दाजी म्हणाले, "आवळली की बसते, आण्णा."

मग ते त्याच सीटवर रत्नागिरीला गेले. आंबा घाट उतरताना वळणावर बूड जरा इकडचं तिकडं केलं की खालून कटकट आवाज यायचा आणि सीटही सोबत सरकायची. घाटात, ओल्या रस्त्यावर, बुडाखालची सीट हलते म्हणजे काय हे गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. परत आल्यावर आण्णांनी सीट काढली. बोल्टाच्या भोकाभोवतीचं प्लॅस्टिक पांढरं पडलं होतं आणि तिथून एक बारीक चीर आतल्या आडव्या पट्टीपर्यंत गेली होती.

आण्णांनी मग फ्रेमवर जिथं बुशं टेकतात तिथं खडू चोळला, तीच सीट परत ठेवली, दाजींना वर बसवलं, उठवलं आणि सीट उलटी केली. चारपैकी दोनच बुशांना खडू लागला होता. दोन हवेत. म्हणजे सगळं वजन दोन बुशांवर आणि त्या बिचाऱ्या बोल्टावर. ही परीक्षा तुम्ही घरी करू शकता, खर्च एका खडूचा. कुठलीही बाहेरची सीट घ्या, चारही बुशांना खडू लागला नाही तर ती गाडीवर ठेवू नका. शिवण कितीही देखणी असू दे.

दाजींचं म्हणणं होतं, "ठीक आहे, बेस वाईट निघाला, पण जेल तरी काढून आपल्या सीटमध्ये घाला." आण्णांनी रेक्झिन उचकटलं. आत तळहाताएवढी, चपातीसारखी पातळ जेलची पट्टी, आणि तिच्याखाली सोफ्याला घालतात तसला मऊ फोम. अंगठ्यानं दाबला तर थेट बेस लागला.

इथंच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. बूड दुखतं ते सीट कडक आहे म्हणूनच, असं नसतं. बसल्यावर वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं. मऊ फोम पहिली दहा मिनिटं छान वाटतो, मग बसतो, आणि हाडं बेसला टेकतात. त्यात स्पोर्ट्स गाडीच्या सीटचा उतार टाकीकडे. प्रत्येक ब्रेकला माणूस पुढं घसरतो, हातांनी स्वतःला मागं ढकलतो, परत घसरतो. तुमची मनगटंही दुखत असतील, लिहिलं नाहीत तरी. मऊ सीटवर हे घसरणं वाढतं. जेल उन्हात तापतं, आणि एप्रिल-मेमध्ये तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर बसलात की ते किती वेळ गरम राहतं हे कळेल.

आण्णांनी कंपनीची सीट घेतली. गाडी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर, सरळ उभी केली, दाजींना प्रवासाची जाड पँट घालून या म्हणाले. हात हँडलवर, पाय फुटरेस्टवर, डोकं वर. हाडं जिथं टेकतात तिथं आणि मांडीची आतली बाजू जिथं घासते तिथं खडूच्या खुणा केल्या. मग मागचा उंचवटा हॅक्सॉ ब्लेडनं थोडा उतरवला आणि टाकीजवळच्या खोलगट भागात घट्ट फोमचा तुकडा चिकटवायचं सोल्युशन लावून भरला, म्हणजे उतार मोडला. बुडाच्या जागी दोन्ही बाजूंनी रुंदी वाढवली. पुढचा भाग मात्र अरुंदच ठेवला, उलट कडा घासून आणखी गोल केल्या. व्ही३ची सीट ८१५ मिमी उंच आहे. पुढं रुंदी वाढली की मांड्या फाकतात आणि उंची तेवढीच असूनही पाय जमिनीला पुरत नाहीत. सगळ्यात वर बोटभर जाडीचा जरा मऊ थर. मेणकापडासारखी प्लॅस्टिकची शीट, तिच्यावर न घसरणारं रेक्झिन, बसायच्या जागेत एकही शिवण नाही, कारण पावसाळ्यात पाणी शिवणीच्या टाक्यांतूनच आत शिरतं आणि फोम मग आठवडाभर ओला राहतो. रेक्झिन बेसला ठोकायच्या पिना आखूड, आरपार न जाणाऱ्या.

त्यानंतर दाजींनी बूड दुखल्याची तक्रार केलेली नाही. ताईच सांगते, आता पुण्याहून निघाले की कराडपर्यंत थांबत नाहीत. पण अजूनही जेवायला बसले की म्हणतात, "सवय झाली म्हणून दुखत नाही, सीटचा काय संबंध?" आणि वर, "रेसवाले कडक सीटवरच बसतात की!" बसतात. पण रेस अर्ध्या-पाऊण तासात संपते, आणि रेसवाला बसतो तरी कुठं? वळणागणिक बूड सीटबाहेर काढतो, सरळ रस्त्यावर टाकीवर आडवा होतो. त्याला पातळ, सपाट सीट हवी, मागचं चाक काय करतंय ते कळायला. पुणे-कोल्हापूर हायवेवर पाच तास एकाच जागी बसणाऱ्याचा आणि त्याचा काय संबंध? शिवाय खुद्द यामाहानंही हे ओळखलंच. २००८च्या पहिल्या आर१५ला एकसंध सीट होती. २०११ला तिचे दोन तुकडे केले, चालकाची सीट वेगळी, मागच्याची वेगळी आणि उंच. मग २०१५ला एकसंध सीटची आर१५एस काढावी लागली, आणि २०२१ला व्ही३वर पुन्हा तीच. कंपनीला स्वतःच्या सीटबद्दल फेरविचार करावा लागतो, तर दाजींनीही करायला हरकत नाही.

काही गोष्टी मात्र आधीच विचारात घ्या. तुमची उंची कमी असेल तर फोम वाढवू नका, फक्त आकार बदला. माकडहाडच दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग सीट. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. आणि शेवटी तुम्ही मागची सीट काढून तिथं रेसिंगची शेपटी, म्हणजे सीटच्या जागी बसणारं निमुळतं झाकण, बसवायचं विचारलंय. दिसते छान, एकटे फिरत असाल तर आमचीही मनाई नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८प्रमाणे मागचा माणूस चालकामागे पक्क्या बसवलेल्या नीट सीटवरच हवा, आणि मागं कुणाला बसवायचं तर धरायला पकड आणि पाय ठेवायला फुटरेस्ट लागतंच. त्या शेपटीवर मित्राला "चल, दोन मिनिटांचं काम" म्हणून बसवू नका.

जेल सीट मागवून झाली असेल तर परतीची मुदत आहे तोवर खडू लावून बघा. आणि कुशनवाल्याकडे नुसती सीट पिशवीत घालून नेऊ नका. गाडी घेऊन जा, प्रवासाची पँट घालून जा, आणि तो "बसून दाखवा" म्हणाला नाही तर दुसरं दुकान शोधा.