मैफलीची तारीख बदलली, तिकिटाचे पैसे परत मागता येतात का?

प्रश्न: मी आणि माझा नवरा दोघंही नोकरी करतो. घरखर्च भागवून महिन्यातून एकदा दोघांनीच कुठेतरी जायचं, हे लग्नानंतर ठरवलं आणि आजवर पाळलं. कधी संग्रहालय, कधी जवळच्या मैदानावरचा सामना, कधी गाण्याचा कार्यक्रम. तिकीट स्वस्तातलं, जाणं-येणं बसने. यंदा लग्नाच्या वाढदिवसासाठी मात्र तीन महिने पैसे बाजूला टाकून एका मोठ्या मैफलीची दोन तिकिटं ऑनलाइन काढली. पाच दिवस आधी ॲपवर संदेश आला: 'अपरिहार्य कारणामुळे कार्यक्रम पुढे ढकलला आहे. हीच तिकिटे नव्या तारखेला चालतील.' खाली एकच बटण होतं, 'समजले'. नवऱ्याने ते दाबलं. नवी तारीख सहा आठवड्यांनंतरची आहे आणि तेव्हा तो कामासाठी बाहेरगावी असणार. पैसे परत मागितले तर तिकीट विकणारी कंपनी आयोजकांकडे बोट दाखवते. आयोजक म्हणतात, 'तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, आणि तुम्ही नवी तारीख मान्यही केली आहे.' तिकिटं नवऱ्याच्या खात्यावरून काढलेली आहेत, मग तक्रार मी करू शकते का? एवढ्या रकमेसाठी वकील करणं आम्हाला परवडणारं नाही. मागे एकदा पावसामुळे सामना अर्ध्यावर थांबला, तेव्हाही पैसे बुडाले होते. त्याचंही काही करता येईल का?

उत्तर: ताई, आधी तुमच्या मनातली एक बोच काढून टाकते. पत्रात तुम्ही 'एवढ्या रकमेसाठी' असं लिहिलंत, जणू रक्कम लहान म्हणून मागायलाच संकोच वाटतोय. संकोच करू नका. तीन महिने बाजूला टाकलेले पैसे तुमच्या घरात लहान नाहीत, आणि कायदाही रक्कम बघून हक्क देत नाही.

तुम्ही पाठवलेला तिकिटाचा फोटो मी मोठा करून पाहिला. सगळ्यात ठळक अक्षरांत काय छापलंय? गायकाचं नाव, त्याखाली वार आणि तारीख, मग वेळ. अटी मात्र तिकिटावर नाहीतच. तळाशी एक बारीक ओळ आहे, 'अटी व शर्ती लागू'. तुमच्या बाजूचा सगळा मुद्दा या तिकिटाच्या मांडणीतच आहे. तुम्ही 'कधीतरी होणारी मैफल' विकत घेतली नाहीत, त्या दिवशीची मैफल विकत घेतलीत. तारीख हा सौद्याचा गाभा आहे, आणि तो गाभा एका बाजूने परस्पर बदलता येत नाही.

आपला करार कायदा १८७२चा आहे, पण या बाबतीत अगदी स्पष्ट बोलतो. कलम ५५ सांगतं की वेळ हा कराराचा गाभा असेल आणि ठरल्या वेळी काम झालं नाही, तर करार रद्द करण्याचा पर्याय समोरच्या पक्षाला मिळतो. कलम ६३ तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: मुदत वाढवून देण्याचा अधिकार ज्याला वचन दिलं त्याचा असतो. इथे वचन आयोजकांनी दिलं, तुम्हाला. म्हणजे सहा आठवडे वाढवून द्यायचे की नाही, हे ठरवणार तुम्ही. 'तिकीट नव्या तारखेला चालेल' हा आयोजकांचा प्रस्ताव आहे. तो तुम्ही घ्याल किंवा नाकाराल.

आणि कलम ६५. करार रद्दबातल ठरला, तर त्याखाली मिळालेला लाभ परत करावा लागतो, असं हे कलम म्हणतं. कायदा करणाऱ्यांनी त्याखाली समजावण्यासाठी जी उदाहरणं दिली आहेत, त्यातलं एक मैफलीचंच आहे. गायकाने मैफलीत गाण्यासाठी हजार रुपये आगाऊ घेतले आणि आजारी पडल्यामुळे तो गाऊ शकला नाही. बुडालेल्या नफ्याची भरपाई त्याला द्यावी लागणार नाही, पण आगाऊ घेतलेले हजार रुपये परत करावे लागतील. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात हे उदाहरण आहे, म्हणून 'आमचा काय दोष, कलाकारच आजारी पडले' या उत्तराने विषय संपत नाही.

हे कलम किती मोलाचं आहे, ते इंग्लंडकडे पाहिलं की कळतं. १९०२ साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक त्याच्या आजारपणामुळे ऐनवेळी पुढे गेला. मिरवणूक पाहण्यासाठी लोकांनी रस्त्यालगतच्या खोल्या भाड्याने घेऊन ठेवल्या होत्या. त्यातला एक खटला १९०४ साली निकाली निघाला, आणि खोली घेणाऱ्या माणसाला भरलेले पैसे तर परत मिळाले नाहीतच, उरलेलं भाडंही द्यावं लागलं. तिथला हा नियम बदलायला पुढे जवळजवळ चाळीस वर्षं लागली. आपल्याकडे मात्र पैसे परत करण्याचं तत्त्व तेव्हाही लेखी कायद्यात होतं.

आता त्या बटणाकडे येऊ, कारण आयोजकांची खरी भिस्त तिथेच आहे. 'समजले' म्हणजे 'मान्य आहे' नव्हे. करार कायद्यात संमती म्हणजे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणं. शेजारी दुसरं बटणच नसलेल्या, निरोप वाचल्याची पोच देणाऱ्या बटणातून ही संमती निघत नाही. शिवाय ई-कॉमर्सचे २०२०चे नियम सांगतात की खरेदीसाठी ग्राहकाची संमती स्पष्ट आणि त्याने स्वतः कृती करून दिलेली हवी. बटण दाबल्यामुळे तुमची बाजू अगदीच निर्धोक राहिली, असं मात्र मी म्हणणार नाही. आयोजक तो मुद्दा रेटणार. म्हणून त्याला उत्तर आजच लेखी द्या. बटण दाबल्यावर दोन महिने गप्प राहिलेला ग्राहक आणि चार दिवसांत 'मला नवी तारीख मान्य नाही' असं कळवणारा ग्राहक, यांच्यात ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणारी यंत्रणा, नक्की फरक करतो. तो संदेश अजून ॲपवर दिसत असेल तर बटणासकट त्याचा स्क्रीनशॉट काढा. या प्रकरणातला तो सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे.

'पैसे परत मिळत नाहीत' या अटीचं काय? तुम्हीच तिकीट रद्द केलं असतं, तर तिला वजन होतं. इथे तुम्ही काहीच रद्द केलेलं नाही, कार्यक्रम त्यांनी हलवला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत मनोरंजन धरलेलं आहे. त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न करणं, ही 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरते. ई-कॉमर्सच्या नियमांतही विक्रेत्यावर बंधन आहे: सेवा ठरल्याप्रमाणे नसेल किंवा ठरल्या वेळेपेक्षा उशिरा दिली जात असेल, तर तो पैसे परत करायला नकार देऊ शकत नाही.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो तुम्हाला आधीच माहीत हवा. उशीर कोणाच्याही हाताबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल, तर उशिराबद्दलचा तो नियम लागू होत नाही. म्हणून 'अपरिहार्य कारण' म्हणजे नेमकं काय, हे आयोजकांना लेखी विचारा. वादळ, पूर, कलाकाराचं आजारपण असेल, तर तुम्ही कलम ६५वर उभ्या राहा आणि फक्त तिकिटाचे पैसे मागा. पण परवानगीच घेतली नव्हती, तिकिटं खपली नाहीत म्हणून तारीख ढकलली, असं निघालं, तर पैशांसोबत व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागा. उत्तर द्यायचं टाळलं तरी ते टाळणं तुमच्याच उपयोगी पडतं.

मेल लांबलचक नको. मी असा लिहिला असता:

'अमुक क्रमांकाची दोन तिकिटे आम्ही अमुक तारखेच्या कार्यक्रमासाठी घेतली. आपण कार्यक्रम त्या तारखेला करणार नसल्याचे कळवले आहे. नवी तारीख आम्हाला मान्य नाही. ॲपवरील "समजले" हे बटण दाबणे ही केवळ संदेश वाचल्याची पोच आहे, नव्या तारखेस संमती नाही. आम्ही करार रद्द करत असून सुविधा शुल्क व करासह भरलेली सर्व रक्कम परत मागत आहोत. तारीख बदलण्याचे नेमके कारण लेखी कळवावे.'

हा मेल आयोजक आणि तिकीट कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, दोघांनाही एकाच वेळी पाठवा. या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. 'आम्ही फक्त मध्यस्थ' हे उत्तर मिळेल, ते जपून ठेवा. आयोगापुढे तुम्ही दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, करणार आहात. एकालाच केलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवून वेळ काढला जातो. सुविधा शुल्क मागणीत धरा, पण ते मिळेलच असा भरवसा मी देणार नाही. पैसे कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मिळवण्याचा, अर्जही लगेच टाका, त्याची मुदत फार लांब नसते.

महिन्याभरात काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. अशा प्रकरणांत बऱ्याचदा कंपनी इथेच नमते. तरी नाही नमली तर तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जा. कार्यक्रम किंवा कंपनीचं कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लागत नाही, स्वतः बोलता येतं, आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यावी असा अर्जही करता येतो. कायद्यात निकालाची अपेक्षा तीन महिन्यांची आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवा. अटींमध्ये 'वाद लवादाकडेच (न्यायालयाबाहेरच्या पंचाकडेच) जाईल' असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. अशा कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे.

तक्रार लिहिताना एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहते. अटी एकतर्फी आहेत म्हणून लोक रागाने 'अनुचित करार' असा मथळा देतात. त्या शीर्षकाखालची तक्रार कायद्याने राज्य आयोगाकडे सोपवली आहे, जिल्ह्याकडे नाही. मग अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच गाडी अडते. तुम्ही 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' हेच दोन शब्दप्रयोग वापरा.

तिकिटं पतींच्या खात्यावरून असली तरी तक्रार तुम्ही करू शकता. पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक आहे. तरी दोघांची नावं तक्रारदार म्हणून घाला, म्हणजे आक्षेपाला जागाच राहत नाही.

पावसाने थांबलेल्या सामन्याबद्दल तुम्हाला हवं ते उत्तर माझ्याकडे नाही. तिथे खेळ सुरू झाला होता आणि तुम्ही अर्धा सामना पाहिलात. एकही चेंडू पडला नाही तरच परतावा, अशी अट अनेक सामन्यांच्या तिकिटांवर असते. उघड्या मैदानावरच्या खेळात पाऊस ही दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असलेली जोखीम आहे. त्यातून तुम्ही लिहिलेली तारीख खरी असेल तर तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदतही उलटून गेली आहे. ते सोडून द्या आणि सगळी ताकद मैफलीच्या तिकिटांवर लावा. तिथली दोन वर्षं कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला नाही तेव्हापासून मोजा, ती तारीख वहीत लिहून ठेवा.

राहिली तुमची शेवटची, पत्राच्या समासात लिहिलेली शंका: तोवर तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून नव्या तारखेला बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला पाठवलं तर चालेल का? मनात आलं ते साहजिक आहे, पण पाठवू नका. प्रवेशद्वारावर ती तिकिटं एकदा स्कॅन झाली की नवी तारीख तुम्ही स्वीकारली याचा पुरावा आयोजकांच्या हाती जाईल, आणि तो 'समजले'च्या बटणापेक्षा कितीतरी भक्कम असेल. पैसे परत हवेत की मैफल बहिणीला द्यायची आहे, हे दोघांनी आज संध्याकाळी बसून ठरवा. पैसे हवे असतील तर झोपण्यापूर्वी मेल जाऊ द्या.