अडुळशाच्या पानांचा रस खोकल्यावर कसा, किती आणि कोणाला द्यावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: परसातल्या अडुळशाचा रस कसा काढायचा आणि तो घरात सगळ्यांना चालेल का. मुलीला गरोदरपणाचा सातवा महिना आहे असंही लिहिलंय, म्हणून दुसरी गोष्ट आधी. तिला अजिबात देऊ नका. रस, काढा, सिरप, काहीच नको. अडुळशातलं व्हॅसिसिन हे द्रव्य गर्भाशय आकुंचित करतं. जम्मूच्या रीजनल रिसर्च लॅबोरेटरीत त्यावर तपशीलवार काम झालेलं आहे. बाटलीवर ‘अडुळसा’ असंच लिहिलेलं असेल असं नाही. वासा, वासक, अधातोडा वासिका ही सगळी त्याचीच नावं आणि वासावलेह हे त्याचंच चाटण, तेव्हा लेबल नीट वाचा. तिला खोकला असेल तर तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाच विचारा.

आता रस. झुडूप अडुळशाचंच आहे ना, ते पाहून घ्या: समोरासमोर येणारी लांबट, टोकदार पानं, चोळल्यावर उग्र वास, पांढरी ओठाळ फुलं आणि त्यांवर जांभळट रेघा. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर ते कुंपणाला लावतात.

कच्ची पानं वाटून पिळली की हाती नुसता लगदा येतो. पानं आधी वाफवावी लागतात. दहा-बारा मोठी, जून पण हिरवी पानं धुऊन इडलीपात्रात आठ-दहा मिनिटं वाफवा, गरम असतानाच ठेचा आणि स्वच्छ फडक्यातून पिळा. दोन-तीन चमच्यांपेक्षा जास्त रस निघेल अशी आशा धरू नका. मोठ्या माणसाला एका वेळी 5 ते 10 मिली, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. कडू लागतो, म्हणून कोमट झाल्यावर चमचाभर मध घालतात; मधुमेह असेल तर मध नको. रस रोज ताजा काढा. चव जमली म्हणून प्रमाण वाढवलं तर मळमळ, उलटी, जुलाब होतात, आणि कफ काही त्यामुळे लवकर सुटत नाही.

ताजी पानं नसतील तर सावलीत सुकवलेली 10 ग्रॅम पानं दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत उकळा, गाळा आणि दोन वेळा विभागून घ्या. काढ्यात ज्येष्ठमध घालायची पद्धत आहे, पण रक्तदाब असलेल्यांनी ते टाळावं. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं.

अडुळसा चिकट कफ पातळ करतो, हे त्याचं खरं काम. खोकल्याच्या सिरपमधलं ब्रोमहेक्झिन व्हॅसिसिनच्याच रचनेवरून बनवलेलं आहे आणि अँब्रोक्सॉल हा ब्रोमहेक्झिनचाच पुढचा भाऊ. म्हणून यातलं एखादं औषध चालू असेल तर वर अडुळसा घालू नका. कोरड्या खोकल्यात त्याचा फारसा उपयोग नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना कोरडी ढास लागत असेल तर त्यांची रक्तदाबाची गोळी तपासा. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनीच अनेकांना असा खोकला येतो. तिथे पाला कितीही पिळला तरी ढास जाणार नाही, गोळी बदलून घ्यावी लागते, आणि तीही डॉक्टरांकडूनच. दम्याचा झटका आला तर आधी इनहेलर. अडुळशातल्याच व्हॅसिसिनोन या द्रव्यामुळे श्वासनलिका थोड्या सैल होतात म्हणतात, पण त्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे.

लहान मुलांना मी घरचा रस सुचवणार नाही. झाडागणिक, ऋतूगणिक त्याचा जोर बदलतो आणि मुलांसाठी ठरलेलं माप घरी सांभाळता येत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही चालत नाही, त्यातून बोट्युलिझम ही जंतूंच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा होऊ शकते.

जुन्या ग्रंथांत रक्तपित्तावर, म्हणजे शरीरातून रक्त जाण्यावर, वासा सांगितला आहे म्हणून काही जण कफात रक्त दिसलं तरी रसच पाजत राहतात. तसं करू नका. कफात रक्त, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर थेट रुग्णालय गाठा.