पूर्णवेळ सनदी नोकरी सांभाळून ओडिया कवी सीताकांत महापात्र कवितेला वेळ कुठून काढत? नोकरीत असलेल्याने कविता लिहावी का?

या प्रश्नाच्या पोटात एक जुना आरोप दडलेला असतो: अधिकाऱ्याची कविता म्हणजे फावल्या वेळचा छंद, आणि ती गाजते ती खुर्चीमुळे. साफ चूक. महापात्र १९६१ला आयएएसमध्ये आले, पहिला संग्रह १९६३चा. ‘शब्दर आकाश’ला साहित्य अकादमी मिळाली १९७४ला, तेव्हा सेवेला उणीपुरी तेरा वर्षं झाली होती. ज्ञानपीठ १९९३चं. त्यांच्या आधीच्या तुकडीतले कवी रमाकांत रथ तर ओडिशाचे मुख्य सचिव झाले आणि ‘श्रीराधा’ हे काव्य त्यांनी नोकरीत असतानाच लिहिली. खुर्चीच्या जोरावर ‘श्रीराधा’ लिहून दाखवावी कुणीतरी.

नोकरीने महापात्रांना वेळ दिला नसेल, ओडिशातला मयूरभंज जिल्हा दिला. तिथे कलेक्टर असताना संताल आदिवासींशी संबंध आला, ते संताली शिकले, पुढे समाजमानवशास्त्रात पीएच.डी. केली आणि संताल, मुंडा, उरांव, कोंध यांची मौखिक कविता इंग्रजीत आणली. त्यातली ‘बाखेन’ नीट समजून घ्या, कारण बहुतेक अनुवादक तिथेच फसतात.

बाखेन म्हणजे विधीच्या वेळी उच्चारायचं आवाहन. बाहा या फुलांच्या सणाला, साल आणि मोह फुलले की, जाहेरथानात (गावच्या पवित्र राईत) नायके (गावचा पुजारी) एकेका बोंगाचं (संतालांच्या श्रद्धेतल्या अदृश्य शक्तीचं) नाव घेतो, नवी फुलं देतो आणि मागणं मागतो. ही पूजा होईपर्यंत नवं फूल कुणी केसात माळत नाही, मोह तोंडात घालत नाही. मागणं अगदी साधं: लाच हासो, बोहोक हासो, म्हणजे पोटदुखी, डोकेदुखी येऊ नये. मग पुढचा बोंगा, आणि तीच ओळ पुन्हा, फक्त नाव बदलून. अनुवादकाला वाटतं पुनरुक्ती झाली. तो पाच वेळचं एकदा करतो आणि बाखेन मरते. प्रत्येकाला नाव घेऊन दिल्याशिवाय अर्पण पोचत नाही, म्हणून ती ओळ तितक्या वेळा आहे. दुसरी चूक ‘हासो’ची. दोन्हींकडे तोच शब्द आहे, त्यावरच लय उभी आहे. मराठीत ‘दुखी-दुखी’ आपसूक जुळतं, ते सोडून ‘उदरशूळ आणि शिरोवेदना’ करू नका. आणि बोंगाला ‘देव’ म्हणू नका, ‘भूत’ तर नकोच. बोंगाच राहू द्या.

मेळघाटात पोस्टिंग असेल तर कोरकू ही संतालीच्याच मुंडा कुळातली भाषा तुमच्या दाराशी आहे. गाणं ध्वनिमुद्रित करा, देवनागरीत जसंच्या तसं उतरवा, गाणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून शब्दशः अर्थ घ्या, मग मराठी करून ते गाणाऱ्याला वाचून दाखवा. ही शेवटची पायरी लोक टाळतात आणि चुका तिथेच राहतात.

नियमांचं भय दाखवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८मधल्या नियम ६नुसार पुस्तक काढायला पूर्वपरवानगी लागत नाही; मतं स्वतःची आहेत एवढं स्पष्ट करायचं. नियम ७ने सरकारी धोरणावर टीका अडते, नियम ९ने कार्यालयीन माहिती. राज्य सेवेत असाल तर महाराष्ट्राचे १९७९चे नियम लागू होतात, ते वेगळे वाचा.

‘नोकरी सोडा, मगच खरं लिहाल’ म्हणणाऱ्यांना गोपीनाथ मोहंतींचं नाव सांगा. १९३८ पासून तीनेक दशकं प्रशासकीय सेवेत, कोरापुटच्या कोंधांमध्ये काम, आणि ओडियाला पहिलं ज्ञानपीठ त्यांनीच मिळवून दिलं. ते कादंबरीकार, पण मुद्दा तोच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. कलेक्टरने गाणं मागितलं तर गावात ‘नाही’ कोण म्हणेल? म्हणून ध्वनिमुद्रणाआधी विचारा की हे बाहेरच्याने ऐकलं तर चालतं का, आणि ‘नको’ आलं तर यंत्र बंद करा. छापताना गाणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीने, अनुवादकाच्या नावाच्या वर टाका.