आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट फंडिंगसाठी ठराव करतंय, काँग्रेसमनला पत्र लिहून खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की डिस्ट्रिक्टने, म्हणजे तुमच्या भागातल्या पब्लिक स्कूल्स चालवणाऱ्या संस्थेने, स्पेशल एज्युकेशनच्या, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणाच्या पैशांसाठी बोर्डात ठराव पास केलाय, आता पालकांना काँग्रेसमनला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या आपल्या खासदाराला, पत्रं लिहायला सांगतायत, तर लिहू का वेळ फुकट जाईल. लिहा. का ते सांगते, जरा लांबेल.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, इथे न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये जातो आणि आयईपीत, म्हणजे शाळेने त्याच्यासाठी लिहून दिलेल्या शिक्षणाच्या आराखड्यात, त्याला दिवसभराची एड, म्हणजे सोबत राहणारी मदतनीस दिलीय. तिच्या गळ्यात पट्ट्याला चित्रांची कार्डं अडकवलेली असतात, पाणी, बाथरूम, आवाज फार होतोय. तो कार्डावर बोट ठेवतो आणि ती त्याला घेऊन पाच मिनिटं बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसते. एवढंच. पण ती यायच्या आधी मला दर दोन दिवसांनी शाळेतून फोन यायचा, येऊन घेऊन जा म्हणून, आणि मी ऑफिसातून उठून पळायचे.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये बजेट आलं त्यात चौथीचं व्हायोलिन आणि संध्याकाळची लेट बस गेली. त्याच शनिवारी मंडळाचा पाडवा होता, मी श्रीखंड वाढत होते आणि आमच्याच टाउनमधले एक जण, ज्यांना मी दहा वर्षं भाऊजी म्हणत आलेय, ते सगळ्यांसमोर म्हणाले की एकेका पोरामागे एकेक माणूस ठेवायचा आणि आमच्या पोरीचं व्हायोलिन बंद करायचं, टॅक्स कशाला भरतो आम्ही? नाव घेतलं नाही, पण अख्खं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. मला तेव्हा एक शब्द सुचला नाही. आत जाऊन पातेली घासत बसले. ते अजून सलतं.

तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते. 1975 च्या आधी या देशात अपंग मुलांपैकी पाचातलं एक मूल पब्लिक स्कूलमध्ये शिकत होतं, कित्येक राज्यांत अशा मुलांना शाळेत घ्यायचंच नाही असे कायदे होते. 1975 साली काँग्रेसने कायदा केला की प्रत्येक मुलाला शिकवायचंच, आणि त्याचा जो जास्तीचा खर्च येईल त्यासाठी देशातल्या सरासरी दर विद्यार्थी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत पैसे केंद्र देईल. 40 टक्के आजवर एकदाही मिळालेले नाहीत, सध्या 15 सुद्धा नाहीत. प्रेसिडेंट फोर्डने सही करतानाच म्हणून ठेवलं होतं की केंद्राला जेवढं देता येईल त्यापेक्षा जास्त या बिलात कबूल केलंय. पैसे आले नाहीत म्हणून शाळेला माझ्या मुलाची एड काढता येत नाही, कायदाच आहे तसा. वर न्यू जर्सीत 2010 पासून प्रॉपर्टी टॅक्सची वाढ वर्षाला 2 टक्क्यांत बांधलेली. मग जे कायद्याने सक्तीचं नाही तेच कापलं जाणार ना, व्हायोलिन, लायब्ररियन, बस. म्हणजे भाऊजींच्या मुलीचं व्हायोलिन माझ्या मुलाने नेलं नाही, ते वॉशिंग्टनने पन्नास वर्षं थकवलेल्या उधारीत गेलं.

आता ठरावाने काही होतं का. होतं कधीकधी. आमच्या राज्यात अॅलामुची नावाचं छोटंसं टाउन आहे, त्यांच्या स्कूल बोर्डाने 2011 च्या अँटी बुलिंग कायद्याबद्दल तक्रार केली की कामं वाढवलीत पण पैसे कुठेत, आणि 2012 च्या जानेवारीत काउन्सिल ऑन लोकल मँडेट्सने, म्हणजे राज्याने पैसे न देता लादलेल्या कामांचा निवाडा करणाऱ्या मंडळाने, त्यांच्या बाजूने निकाल दिला. दोनेक महिन्यांत राज्याने 10 लाख डॉलरचा फंड काढला. फार नाही, पण एका छोट्या बोर्डामुळे निघाला. केंद्राच्या कायद्याला मात्र हे काउन्सिल हात लावू शकत नाही, तिथे काँग्रेसलाच धरावं लागतं, म्हणून तर पत्रं.

हे सगळं न्यू जर्सीचं हं, तुमच्या राज्यात टॅक्सचे नियम वेगळे असतील. आणि डिस्ट्रिक्टवालेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, आमच्याकडे आयईपीसाठी पालकांशी भांडायला वकिलावर पैसे जातात ते मी स्वतः भोगलंय. त्यांना बजेटच्या मिटिंगमध्ये विचाराच.

पत्र लिहाल तेव्हा डिस्ट्रिक्टने पाठवलेला मजकूर तसाच चिकटवू नका, तुमच्या शाळेतून या वर्षी काय गेलं ते नावानिशी लिहा. ज्यांची मुलं स्पेशल एज्युकेशनमध्ये नाहीत त्यांनी तर लिहायलाच हवं, आम्ही एकटेच ओरडलो की आम्ही फक्त आमचंच मागतोय असं दिसतं. माझ्या पत्रात मी एडबद्दल लिहिलं आणि त्याच्याच खाली चौथीच्या व्हायोलिनबद्दलही लिहिलं, आणि भाऊजींना व्हॉट्सअॅपवर पाठवलं की तुमचीही सही हवी. निळ्या टिका आल्यात, सही अजून आलेली नाही. परवा परत पाठवणार आहे.