क्ष आला, पण त्रिकोण कुठे आहे?

परिमिती देऊन बाजू काढायला सांगणाऱ्या उदाहरणांवर दर वर्षी त्याच शंका येतात. म्हणून या वेळी सगळ्या एकत्र घेतो.

प्रश्न : बाजू क्ष, क्ष + 3 आणि 2क्ष − 1, परिमिती 30 सेंमी. मी क्ष = 7 लिहिलं, तरी गुण कापला. का?

उत्तर : विचारल्या होत्या बाजू. 7, 10 आणि 13 सेंमी. गुणाबद्दल तुझ्या बाईंशी बोल, पेपर मी पाहिलेला नाही.

प्रश्न : बाजूंचं गुणोत्तर 3 : 4 : 5, परिमिती 60 सेंमी. क्ष कुठे धरायचा?

उत्तर : 3क्ष, 4क्ष, 5क्ष. 12क्ष = 60. बाजू 15, 20, 25 सेंमी.

प्रश्न : गाईडमध्ये बाजू क्ष, क्ष + 2, 3क्ष आणि परिमिती 32 सेंमी आहे. उत्तर 6, 8, 18. मुलगी म्हणते, हा त्रिकोण कंपासने निघतच नाही. चूक कोणाची? (एक पालक)

उत्तर : गाईडची. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. 5क्ष + 2 = 32, म्हणून क्ष = 6, इथवर बीजगणित चोख आहे. बेरीजही 32 येते, आणि तिथेच सगळे फसतात. खराट्याच्या तीन काड्या कापा : 6, 8, 18 सेंमी. अठराची काडी आडवी ठेवा, दोन्ही टोकांना उरलेल्या दोन लावून एकमेकींकडे झुकवा. अगदी आडव्या पाडल्या तरी मधे 4 सेंमीची फट राहते. कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच हवी. ग्रीक गणिती युक्लिडने हे सिद्ध केलं, त्यावरून ‘हे तर गाढवालाही कळतं’ म्हणून टिंगल झाली होती. गाढवाला कळतं, गाईड छापणाऱ्याला नाही! समीकरणाला त्रिकोण माहीत नसतो, त्याला फक्त बेरीज ठाऊक. म्हणून ताळा दोनदा घ्या : बेरीज जुळते का, आणि सर्वांत मोठी बाजू परिमितीच्या निम्म्याहून लहान आहे का. इथे निम्मे 16, बाजू 18. संपलं. तरी गाईड शाळेतल्या सरांना दाखवा. मूळ उदाहरणात आकडा वेगळा असू शकतो.

प्रश्न : समद्विभुज त्रिकोणात एक बाजू दुसरीच्या दुप्पट, परिमिती 20 सेंमी. क्लासमध्ये सांगतात, दोन उत्तरं आली की दोन्ही लिहायची.

उत्तर : असल्या ‘ट्रिक’साठी फी कशाला भरता? 5, 5, 10 ही नुसती सरळ रेषा झाली. उत्तर एकच : 4, 8, 8 सेंमी.

प्रश्न : काटकोन त्रिकोण, परिमिती 30, कर्ण 13. ॲप थेट 5 आणि 12 देतं, पायऱ्या दाखवत नाही. परवा परीक्षा आहे.

उत्तर : उरलेल्या बाजूंची बेरीज 17, तिचा वर्ग 289. बाजूंच्या वर्गांची बेरीज पायथागोरसमुळे 169. फरक 120, म्हणजे गुणाकाराची दुप्पट. गुणाकार 60. बेरीज 17, गुणाकार 60 : संख्या 5 आणि 12. बाकी, परवा परीक्षा आणि शंका आज? उद्या मधल्या सुट्टीत वही घेऊन सरांना गाठ, ॲप नको.