या खेळात कुणी लिंबूटिंबू नाही

गेल्या अंकात जाता जाता ‘नॉमिक’चा उल्लेख केला होता, म्हणजे खेळता खेळता मतदान करून नियमच बदलायचे असा खेळ, आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. तो अंक हुकला असेल तर थोडक्यात सांगते. पीटर सबर नावाच्या फिलॉसॉफीच्या अमेरिकन प्राध्यापकांनी हा खेळ बनवला, आणि जून १९८२ मध्ये डग्लस हॉफस्टॅटर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात तो छापला. सुरुवातीला २९ नियम असतात. १०१ ते ११६ हे पक्के, २०१ ते २१३ हे कच्चे. आपली पाळी आली की नियमबदलाचा एक ठराव लिहून मांडायचा, सगळ्यांनी मत द्यायचं, मग फासा टाकून पॉइंट घ्यायचे, ज्याचे शंभर आधी होतील तो जिंकला. कच्चा नियम ठरावाने थेट बदलता येतो, पक्का बदलायचा तर आधी त्याला कच्चा करावा लागतो आणि त्याला सगळ्यांचा होकार लागतो. नव्या ठरावांचे नंबर ३०१ पासून.

ताई, जुलैमधल्या एका रविवारी पाऊस थांबायचं नाव घेईना म्हणून आम्ही घरातल्या सात जणांनी हा खेळ खेळलो. मी, सासूबाई, माझी दहा वर्षांची मुलगी आणि दिरांची चार मुलं, चौघंही कॉलेजात. पहिल्या दोन फेऱ्या मजेत गेल्या. तिसरी सुरू झाली आणि चौघांनी एकी केली. ठराव ३१५, अठराच्या खालच्यांचा फासा अर्धाच मोजायचा. ठराव ३१६, मिनिटभरात ठराव मांडला नाही तर पाळी गेली, हा सरळसरळ सासूबाईंसाठी. मुलीने जे मांडलं ते चार विरुद्ध तीनने पडलं आणि दर वेळी दहा पॉइंट कापले. शेवटी ती रडत उठून गेली. सासूबाई म्हणाल्या, हा खेळ नाही, दादागिरी आहे. आमचं काही चुकलं का? (एक पॉइंट सांगायचा राहिला, विरोधात मत देणाऱ्याला दहा पॉइंट असा काहीतरी नियम होता तो फार कॉम्प्लिकेटेड वाटला म्हणून पुतण्याने सोडून दिला.) – एक वाचक, मुलुंड

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि कंसातल्या त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले, कारण सगळं तिथेच आहे. तुम्ही सोडून दिलेला नियम म्हणजे २०४, आणि तो तुमच्या मुलीसाठीच होता असं म्हटलं तरी चालेल.

बघा कसं आहे. नियम २०३ म्हणतो की ठराव एकमताने पास व्हायला हवा, पण दुसरी फेरी संपेपर्यंत कुणी २०३ बदलला नाही तर आपोआप साधं बहुमत पुरतं. म्हणून तर पहिल्या दोन फेऱ्या गोडीत गेल्या, एका माणसाने नाही म्हटलं की ठराव पडायचा, म्हणजे प्रत्येकाला दहा वर्षांच्या पोरीलाही पटवावं लागत होतं. तिसऱ्या फेरीला, बरोबर ३१५ व्या ठरावाला, सातात चार पुरेसे झाले आणि पुतण्यांनी ते ताबडतोब हेरलं. आता २०४ काय म्हणतो, तर एकमताची अट गेल्यावर जे ठराव पास होतील त्यांच्या विरोधात मत देणाऱ्या प्रत्येकाला दहा पॉइंट. हिशोब करा. चौघांचे चार ठराव पास झाले, तुम्ही तिघींनी चारही वेळा नाही म्हटलं, तर प्रत्येकीला चाळीस. स्वतःचा ठराव पडला त्याचे नियम २०६ प्रमाणे दहा वजा, म्हणजे तीस, वर फाशाचे जे काय दोन-तीन अर्धेमुर्धे मिळतील ते. आणि चौघं? त्यांना फेरीला फक्त फाशाचे, म्हणजे जास्तीत जास्त सहा. याच चालीने खेळ गेला असता तर तीन-चार फेऱ्यांत तुमच्या मुलीचे शंभर झाले असते आणि भाऊ विशीच्या आसपास राहिले असते!

पुढची गंमत अशी की एवढे पॉइंट विरोधकांना मिळतायत म्हटल्यावर चौघांतल्या एखाद्याच्या मनात येणारच की या वेळी मी नाही म्हणतो, मलाही दहा. पण तो फुटला की ठराव तीन विरुद्ध चारने पडतो आणि मांडणाऱ्या भावाचेच दहा जातात. एकी टिकवायला मग त्यांना एकमेकांवर फार विश्वास ठेवावा लागला असता, नाहीतर आजीला आणि छोटीला आवडेल असा ठराव मांडावा लागला असता. हेच तर हवं होतं! बहुमताने रेटता येतं, पण फुकट रेटता येत नाही. सबरनी हे दहा पॉइंट विचार करून ठेवलेत, ‘कॉम्प्लिकेटेड आहे’ म्हणून गाळण्यातला नियम हा नव्हेच.

अर्थात २०४ कच्चा नियम आहे, त्यामुळे चौघं तोच रद्द करायचा ठराव आणू शकतात. (तो रद्द करायच्या मतदानात विरोध केलेल्यांना शेवटचे दहा मिळणार की नाही यावर छान भांडण होऊ शकतं, ते आधीच्या पाळीचा खेळाडू जज म्हणून सोडवतो.) म्हणून माझा सल्ला असा की पुढच्या वेळी पहिल्या दोन फेऱ्यांतच, सगळ्यांचा होकार लागतो तेव्हाच, दोन ठराव आणा. एक, २०४ ला कच्च्याचा पक्का करा. दुसरा, २०३ मध्ये साध्या बहुमताऐवजी सातात पाच असं लिहा. एकमत कायमचं ठेवा असं मी म्हणणार नाही, आम्ही एकदा ठेवलं होतं आणि एका काकांनी हट्टाने तासभर एक ठराव पुढे सरकू दिला नाही. पाच ठीक आहे. हाउसिंग सोसायटीचे उपविधी बदलायलासुद्धा जनरल बॉडीत हजर राहून मत देणाऱ्यांची दोन तृतीयांश मतं लागतात आणि वर रजिस्ट्रारची मंजुरी, ते उगाच नाही.

आणि मुलगी उठून गेली त्याबद्दल तिला कुणी ‘रडीचा डाव’ म्हणाला असेल तर त्याला नियम ११३ वाचून दाखवा, तो पक्का आहे. खेळाडूला डाव सोडायचा हक्क कायम असतो, आणि त्याच्या स्वतःच्या मते हरण्यापेक्षा वाईट असेल अशी शिक्षा त्याला करता येत नाही. वाईट किती हे तो खेळाडू ठरवणार, बाकीचे नाही. आपल्याकडे लहान मूल खेळायला आलं की त्याला लिंबूटिंबू करतात, म्हणजे तू पळ आमच्याबरोबर पण तुझा आउट धरायचा नाही, प्रेमानेच करतात पण त्या मुलाला कळतं की आपण मोजलेच जात नाही. नॉमिकमध्ये नियम २०७ आहे, प्रत्येक खेळाडूला नेहमी एकच मत, कमी नाही जास्त नाही. तुमच्या मुलीला हे सांगून परत बसवा, आणि या वेळी पॉइंटची वही तिच्याच हातात द्या.

मित्राने बहुमताने ठराव पास करून घेतला की ‘यापुढे कुणीही ठराव मांडायचा नाही’ आणि म्हणाला खेळ संपला, मी जिंकलो. खरंच? – कॉलेज विद्यार्थी, माटुंगा

नाही. पाळीत ठराव मांडायचाच हे २०२ सांगतो, तुझ्या मित्राचा नियम तीनशेच्या पुढचा, आणि दोन कच्चे नियम भांडले तर लहान नंबरचा जिंकतो, हा २११. म्हणजे त्याचा नियम वहीत नुसता पडून राहणार. हां, त्याने त्यात ‘हा नियम २०२ च्या वर’ असं लिहिलं असेल तर २०२ मागे पडतो, पण तरी ११४ आडवा येतो: नियमबदल पूर्णपणे बंद करता येत नाही, आणि तो पक्का आहे, पक्क्यापुढे कच्चा बादच. आणि समजा खेळ खरंच अडला असता, तरी २१३ म्हणतो की खेळ पुढे जाणंच अशक्य झालं तर ज्याला सगळ्यात आधी आपली पाळी पूर्ण करता येत नाही तो विजयी. मित्राच्या लगेच नंतर कुणाची पाळी होती? तो जिंकला असता. तू होतास का?

हे वाचून घटनादुरुस्ती आठवली. संबंध आहे की माझ्याच डोक्यात आलं? – निवृत्त वाचक, गिरगाव

संबंध आहे, काका, अगदी मुळातला. घटनेतलं जे कलम घटना कशी बदलायची ते सांगतं, ते कलम स्वतःलाच बदलू शकतं का, या प्रश्नावर सबर काम करत होते आणि त्यातून हा खेळ निघाला. आपल्याकडे ते कलम म्हणजे ३६८. त्या कलमाने संसदेला नक्की किती अधिकार मिळतो हा वाद केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींसमोर चालला आणि २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल लागला, की दुरुस्ती करा पण घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. तुम्ही गिरगावचे म्हणून मुद्दाम सांगते, त्यात दोन्ही बाजूंना आपल्या मुंबईचेच वकील होते, केशवानंदांकडून नानी पालखीवाला आणि केरळ सरकारकडून एच. एम. सीरवई. फरक एवढाच की नॉमिकमध्ये ‘पक्का’ हा शब्द तितका पक्का नाही, सगळे खेळाडू हो म्हणाले तर तोही कच्चा होतो आणि मग बदलतो. सगळे म्हणजे मात्र सगळे, सातात सात, तिथे सहा असून भागत नाही.

आमच्या चाळीतल्या सात-आठ वर्षांच्या मुलांना २९ नियम कसे झेपणार? – एक आई, लालबाग

झेपणार नाहीत, देऊही नका. त्यांना येतो तो खेळ घ्या, लुडो, व्यापार, बदाम सात, काहीही, आणि प्रत्येक डावानंतर एकाने एक नियम सुचवायचा आणि हात वर करून मत. मी एक युक्ती करते, चौरेघी वही घेते, पक्के नियम पेनने आणि कच्चे पेन्सिलने. पेनने फक्त तीनच असतात: सगळ्यांना एकेक मत, नियम आधी लिहायचा मगच मत द्यायचं, आणि झालेल्या डावाला नवा नियम लावायचा नाही. बाकी सगळं पेन्सिलचं, खोडरबर मध्ये ठेवायचा, मुलांना तो खोडरबर फार आवडतो.

आणि शब्दांकडे लक्ष द्या, खरी मजा शब्दांत आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही गॅलरीत बदाम सात खेळत होतो, उकाडा मरणाचा, एका मुलीने नियम लिहिला, ‘ज्याला बदाम सत्ती येईल त्याने आधी सगळ्यांना पाणी आणून द्यायचं’. सगळे हात वर. पुढच्या डावात सत्ती आली एका मुलाला, तो पाच पेले घेऊन आला, वाटले, आणि पत्ता टाकायला बसला. मुलगी म्हणाली आजींना दिलं नाहीस. कोपऱ्यात आजी शेंगा सोलत बसल्या होत्या, त्या खेळतही नव्हत्या. मुलगा म्हणे सगळ्यांना म्हणजे खेळणाऱ्यांना, मुलगी म्हणे मी खेळणाऱ्यांना असं कुठे लिहिलंय, दाखव. पाच मिनिटं वाद, वही हातोहात फिरतेय, प्रत्येक जण तो एक शब्द मोठ्याने वाचतोय. जज होती त्याच्या उजवीकडची सात वर्षांची मुलगी, नुकतीच जोडाक्षरं शिकलेली. तिने बोट ठेवून अख्खी ओळ वाचली आणि म्हणाली, सगळ्यांना लिहिलंय, आजींना पण तहान लागते. मुलगा उठला, सहावा पेला आणला. मग पुढच्या मतदानाला त्याने खोडरबर मागून घेतला आणि ‘सगळ्यांना’च्या जागी ‘खेळणाऱ्यांना आणि आजींना’ असं केलं, ते एकमताने पास झालं.

आमचा सकाळच्या कल्याण फास्ट लोकलचा ग्रुप आहे, बसायला मिळतं तेव्हाही फासा टाकायला जागा नाही. व्हॉट्सअॅपवर जमेल का? – डोंबिवलीकर

जमेल की. खुद्द सबरनी टपालाने आणि कॉम्प्युटरवर खेळायची सोय नियमांत करून ठेवलीय, ‘अगोरा’ नावाचा एक नॉमिक तर १९९३ पासून ईमेलवर चालू आहे. फाशाऐवजी असं करायचं: तुमच्या ठरावाच्या नंबरातून २९१ वजा करा आणि जेवढ्या भागाने हो म्हटलं त्याने गुणा. म्हणजे ३०१ नंबरचा ठराव, सगळ्यांनी हो म्हटलं तर दहा पॉइंट, निम्म्यांनी म्हटलं तर पाच. त्यामुळे सगळ्यांना आवडेल असा ठराव मांडण्यात फायदा असतो. जिंकायला मग शंभर नाही, दोनशे लागतात.

दोन गोष्टी सांभाळा. मतदान चालू असताना ठरावाचा मेसेज एडिट किंवा डिलीट करायचा नाही हे पहिल्याच दिवशी पक्क्या नियमांत घाला, नाहीतर कुणी कशाला हो म्हटलं तेच कळणार नाही. आणि पहिला ठराव सोपा घ्या, ग्रुपमध्ये आधीपासून चालत आलेलाच एखादा नियम लिहून काढा, समजा ठाण्यानंतर उभ्या असलेल्याला सीट द्यायची तो. तोंडी सगळ्यांना माहीत असतो, पण लिहायला बसलात की कळेल: ठाण्यानंतर म्हणजे ठाणं सुटल्यावर की ठाण्याला गाडी थांबल्यावर, आणि चौथ्या सीटवाल्याला तो लागू आहे का?