नव्या आशाताईला: आधी एवढंच सांग

अगं, आईकडून पोटातल्या बाळाला होणारे सगळे आजार एकदम पाठ करू नकोस. सुरुवातीला दोनच गोष्टी धर.

लग्न ठरलेल्या मुलींना रुबेलाची (अंगावर पुरळ येणारा, गोवरासारखा आजार) लस घेतली का, हे विचार. २०१८च्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेत १५ वर्षांपर्यंतचीच मुलं होती, मोठ्या मुली राहून गेल्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय धोक्यात. दिवस गेल्यावर ही लस देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही. म्हणून आधीच बोल.

दुसरं, गरोदर बाईचं नाव नोंदवतानाच एचआयव्ही, सिफिलिस (लैंगिक संबंधातून होणारा आजार), हिपॅटायटिस बी (काविळीचा एक प्रकार) यांची तपासणी. सिफिलिसवर पेनिसिलिन आहे. वेळेत मिळालं तर बाळही वाचतं.

नव्या ताया हमखास चुकतात कुठे? सासूसमोर विचारतात. बाईला एकटीला गाठ, तीच मोकळेपणी बोलेल.